नेसरीची खिंड आणि आपली गडबड



प्रतापराव गुजर आणि त्यांच्या सहा साथीदारांच्या स्मरणार्थ भरणाऱ्या या व्याख्यानमालेत धावपळीविरुद्ध बोलायचे, हे धाडसच आहे. मराठ्यांच्या इतिहासातली सर्वांत प्रसिद्ध दौड याच शिवारात झाली. कुसुमाग्रजांनी तिच्यावर कविता लिहिली, हृदयनाथांनी तिला चाल दिली, लताबाईंनी ती गायली आणि महाराष्ट्रातल्या लहान पोरालाही नेसरीची खिंड ठाऊक झाली. त्या दौडीची थोरवी मी नव्याने सांगायला नको. मला बोलायचे आहे ते तिच्या आधीच्या दहा महिन्यांविषयी, कारण आपल्या उपयोगाचे जे आहे ते मला तिथे दिसते.

एप्रिल १६७३. जतजवळचे उमराणी. विजापूरचा सरदार बहलोलखान स्वराज्यावर चालून येत होता आणि सरनोबत प्रतापरावांनी त्याला गाठले. ऐन उन्हाळा. मराठ्यांनी त्याचे पाणी तोडले. तहानेने व्याकुळ झालेली फौज दिवसभर झुंजली आणि शेवटी खानाने वाट मागितली. प्रतापरावांनी वाट दिली. का दिली, यावर इतिहासकारांनी बरेच लिहिले आहे. उदारपणा म्हणा, हिशेब म्हणा. शिवाजी महाराजांना मात्र ते रुचले नाही. त्यांचा प्रश्न साधा होता : ज्याच्यासाठी गेलात तोच सोडलात कसा?

पुढे काय झाले ते पाहा. प्रतापराव हातावर हात धरून बसले नाहीत. सैन्य कर्नाटकात उतरले, हुबळीची पेठ लुटली गेली, तिथल्या इंग्रजांच्या वखारीलाही झळ लागली. घोडी दमली, माणसे दमली, लूट आली. फौज काय करते आहे असे कुणी विचारले असते तर सांगायला पुष्कळ होते. पण खान जिवंत होता, मोकळा होता आणि पुन्हा येणार होता. तो आलाच. महाराजांचा निरोप गेला की या खानाचा निकाल लावल्याशिवाय तोंड दाखवू नका. तो शब्द काळजात घेऊन २४ फेब्रुवारी १६७४ रोजी हा माणूस सहा स्वारांनिशी शत्रूच्या फौजेवर तुटून पडला. सातही जण इथे पडले.

सभासदाच्या बखरीत नेसरीवर मोठी लढाई झाल्याचे वर्णन आहे. सहा स्वारांची हकीकत येते ती मुंबईकर इंग्रजांचा दुभाषा नारायण शेणवी याच्या त्याच वर्षीच्या एप्रिलमधल्या पत्रात. दोन डोंगरांमधल्या अरुंद वाटेत प्रतापराव सहा जणांसह मारले गेले, आणि बाकीचे सैन्य त्यांच्या मदतीला पोचले नाही, असे तो कळवतो. या शेवटच्या बातमीपाशी मी नेहमी अडखळतो. सरनोबताचे काम काय? हजारो घोडी एका दिशेने नेणे. त्या दिवशी दिशा त्यांच्या एकट्याच्या मनात होती आणि घोडी मागे राहिली. सात जणांच्या शौर्याला माझा दंडवत आहेच. पण दहा महिने हुकलेले लक्ष्य एका क्षणात गाठू पाहणारी ती धाव होती, आणि तिची किंमत स्वराज्याने आपला सरनोबत देऊन मोजली. महाराजांना या मृत्यूची खंत राहिली. प्रतापरावांची लेक जानकीबाई पुढे राजारामांची पत्नी झाली. सैन्य आनंदरावांनी सावरले, हंबीरराव मोहिते सरनोबत झाले आणि त्याच वर्षी ६ जूनला रायगडावर राज्याभिषेक झाला. काम थांबले नाही. कशासाठी चालले आहे हे वरच्या माणसाला पक्के ठाऊक होते, म्हणून थांबले नाही.

याच काळातले आणखी एक पत्र आहे. महाराजांनी चिपळूणजवळ हलवर्ण्याच्या छावणीतल्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना ते लिहिले. अनेकांनी ते शाळेत ऐकले असेल. पावसाळ्यासाठी जमवलेला दाणा आणि गवत आताच उधळलेत तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही रयतेच्या घरात शिराल, कुणाचे दाणे आणाल, कुणाची भाजी आणाल, आणि लोकांना वाटेल की यांच्यापेक्षा मोगल बरे. गवताजवळ चुली पेटवू नका, तंबाखू ओढू नका. रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात घेऊन जाईल आणि गंज्या पेटतील. एका बाजूला मोगल, दुसऱ्या बाजूला विजापूर, समुद्रावर सिद्दी, आणि राजा उंदराविषयी लिहितो आहे! एखाद्याला वाटेल, एवढ्या मोठ्या माणसाला हे किरकोळ उद्योग कशाला? पण घोडी पावसाळा काढणे आणि रयतेचा विश्वास टिकणे या दोन गोष्टींवर सगळे राज्य उभे होते. त्या दोन गोष्टींच्या आड येणारा उंदीरसुद्धा त्यांच्या नजरेतून सुटला नाही. हुबळीची लूट आणि हा उंदीर शेजारी शेजारी ठेवून पाहा. लूट मोठी दिसते, उंदीर लहान दिसतो. त्या काळात मोलाचे लक्ष कुठे होते, हे मला सांगायला नको.

आता साडेतीनशे वर्षे पुढे या. नेसरीच्या बाजारात कुणालाही थांबवा. ‘काय पावणं, कसं काय?’ उत्तर ठरलेले : ‘काय नाही, गडबडीत हाय.’ कसली गडबड, हे पावण्यालाही नीट सांगता येत नाही. सकाळी उठल्याबरोबर फोनवर भावकीचा गट, सोसायटीचा गट, दहावीच्या बॅचचा गट, शेजारच्या गावच्या यात्रेचा गट. प्रत्येकाला सुप्रभात. मग कुणाची वास्तुशांत, कुणाचे बारसे, कुणाचे रक्षाविसर्जन. चौकात कुणाच्या तरी वाढदिवसाचा फलक लावायला चार तरुण पोरे अर्धा दिवस शिडी धरून उभी. संध्याकाळी माणूस खरोखर दमलेला असतो. ढोंग नाही त्यात. पण काय झाले आज, असे बायकोने विचारले की तो तिच्याकडे बघत राहतो.

आपले पुढारी याच मापाने मोजले जातात, आणि मोजणारे आपणच. ‘साहेबांनी आज अकरा लग्नं केली’ हे वाक्य आपण कौतुकाने म्हणतो. अकरा लग्ने करणाऱ्या माणसाने कालव्याची फाईल कधी वाचायची? पण आमच्या घरच्या कार्याला साहेब आले नाहीत तर पुढच्या निवडणुकीत आपण दाखवतो. म्हणजे त्यांची धावपळ ही आपली फर्माईश आहे.

शिक्षकांचे तर विचारू नका. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये झाला. त्याच्या सत्ताविसाव्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की जनगणना, आपत्तीतले मदतकार्य आणि निवडणूक ही कामे सोडली तर शिक्षकाला शिक्षणाखेरीजच्या कामाला जुंपू नये. कायद्यालाच कळले होते की गुरुजींचे लक्ष ही मुलांची मालमत्ता आहे. आणि आज? फोटो काढून टाका, माहिती भरा, लिंक पाठवली आहे, आजच भरा. वर्गात फळ्यावर अर्धवट गणित आणि गुरुजी दारात उभे राहून नेटवर्क शोधताहेत. त्या गुरुजींना ‘एकाग्र व्हा’ असा उपदेश करणे हा उद्धटपणा ठरेल. गडबड काही वेळा आपण ओढवून घेतो आणि काही वेळा ती वरून लादली जाते. लादलेली असेल तर तिच्याशी भांडावे लागते.

भांडण्याचे उदाहरण आपल्याच मातीतले आहे. नारायण मेघाजी लोखंडे. सत्यशोधक, ‘दीनबंधु’चे संपादक. १८८४ साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांना संघटित केले. उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत साचे चालायचे आणि आठवड्याचे सातही दिवस चालायचे. आठवड्यातला एक दिवस मोकळा मिळावा म्हणून लोखंड्यांनी सभा घेतल्या, अर्ज केले, मालकांशी आणि सरकारशी झगडले. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आपल्या गडहिंग्लज, आजरा, चंदगड भागातली माणसे पुढे याच गिरण्यांत गेली, लालबाग-परळला गावच्या खोल्या करून राहिली. रविवारी त्या खोल्यांत भजन व्हायचे, गावच्या शाळेसाठी वर्गणी निघायची, गावाकडे पत्रे लिहिली जायची. तो रविवार कुणीतरी मिळवून दिलेला होता. आपण तो खिशातल्या फोनला परत देऊन टाकला आहे, आणि बदल्यात काय घेतले ते मला अजून कळलेले नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये उद्योगपती नारायण मूर्ती म्हणाले की तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावे. देशभर वाद झाला. तास किती, यावरच सगळे भांडले. उलट केन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९३० साली भाकीत केले होते की शंभर वर्षांनी माणसाला आठवड्याला पंधरा तास काम पुरेल. त्या शंभर वर्षांतली आता थोडीच उरली आहेत आणि पंधरा तासांचे काही चिन्ह नाही. यंत्रांनी वेळ वाचवला हे खरे. वाचलेल्या वेळात आपण आणखी कामे कोंबली हेही खरे. मूर्तींचे सत्तर आणि केन्सचे पंधरा, दोन्ही आकडे मला अपुरे वाटतात. सत्तर तास कशाचे, हे आधी सांगा.

हा प्रश्न एका मराठी डॉक्टर जोडप्याने स्वतःला विचारला होता. अभय आणि राणी बंग १९८६ साली गडचिरोलीत गेले. जिल्हा दुर्गम, आजार शंभर तऱ्हेचे. रोज दोनशे रुग्ण तपासून रात्री दमून झोपले असते तरी लोकांनी त्यांना देवमाणूस म्हटले असते. त्यांनी तपासण्याबरोबर दुसरे काम धरले : लोकांना विचारायचे, मोजायचे आणि एकेका प्रश्नाचा पाठलाग करायचा. मुले किती मरतात आणि कशाने? हजार जन्मांमागे एकशे एकवीस बाळे वर्षाच्या आत दगावत होती. आधी न्यूमोनिया धरला. मग नवजात बाळांचे मृत्यू. एकोणचाळीस गावांत गावातल्याच, थोड्या शिकलेल्या बायांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केले. बाळाचे वजन करायचे, श्वास मोजायचे, ऊब द्यायची, जंतुसंसर्ग ओळखायचा, गरज पडली तर इंजेक्शन द्यायचे. डॉक्टर नाही, दवाखाना नाही, बाळंतिणीचे घर हाच दवाखाना. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण बासष्ट टक्क्यांनी खाली आले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य नियतकालिकात हे छापून आले आणि पुढे देशभरच्या आशा कार्यकर्तींच्या कामात ही पद्धत आली. नेसरीत एखाद्या बाळंतिणीच्या घरी आशाताई वजनकाटा घेऊन येते, त्यात गडचिरोलीच्या त्या बायांचा वाटा आहे.

पण मी ज्यासाठी हे सांगतो आहे ते पुढे आहे. याच अभय बंगांना १९९५ साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, हृदयविकाराचा झटका आला. कामाचा हेतू इतका स्वच्छ, तरी शरीर म्हणाले, बस. त्यांनी त्यावर लिहिले आणि ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे पुस्तक महाराष्ट्रात घरोघर गेले. स्वतःच्या खाण्याचा, रागाचा, घाईचा असा उघड पंचनामा मराठीत क्वचितच कुणी केला असेल. मला त्यातून कळते ते एवढे, की चांगल्या कामाचीसुद्धा गडबड होऊ शकते. समाजसेवा करणाऱ्याला, मंडळ चालवणाऱ्याला, गावासाठी राबणाऱ्याला हे पचवणे सर्वांत अवघड जाते. आपले काम पवित्र आहे, मग थांबायचे कसे?

कोल्हापूरकरांना याचे आणखी एक उदाहरण माहीत आहे. अल्लादिया खाँसाहेब तरुणपणी एका संस्थानिकाच्या पदरी होते. तिथे दिवसामागून दिवस इतके गावे लागले की आवाजच बसला, आणि पूर्वीसारखा तो परत आला नाही, असे सांगतात. उरलेल्या आवाजात काय बसेल याचा विचार करून त्यांनी नवी गायकी घडवली. पुढे शाहू महाराजांनी त्यांना कोल्हापूर दरबारात आणले आणि जयपूर घराण्याचे झाड इथे फोफावले. जास्त गाऊन गेलेला आवाज, आणि जपून गाण्यातून उभे राहिलेले घराणे!

कुणी म्हणेल, ही थोर माणसे. आम्हाला नोकरी आहे, उसाची बिले आहेत, कर्जाचे हप्ते आहेत. मान्य. म्हणून एका नोकरदारासारख्याच माणसाकडे पाहू. पांडुरंग वामन काणे मुंबईत हायकोर्टात वकिली करत. पोटाच्या जुनाट दुखण्याने ते बेजार असत. एका जुन्या संस्कृत ग्रंथाच्या आवृत्तीला धर्मशास्त्राच्या इतिहासाची प्रस्तावना जोडावी, असे त्यांनी ठरवले. प्रस्तावना मावेना, तिचाच ग्रंथ होत गेला. पहिला खंड १९३० मध्ये आला आणि शेवटचा १९६२ मध्ये, काणे ब्याऐंशी वर्षांचे असताना. सहा हजारांवर पाने. मध्यंतरी ते विद्यापीठाचे कुलगुरू झाले, राज्यसभेत गेले, पण ग्रंथाची बैठक मोडली नाही. १९६३ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. कोर्ट सुटल्यावर घरी आलेला माणूस बत्तीस वर्षे एकाच टेबलाशी बसला, एवढाच याचा अर्थ.

आणि इथे समोर बसलेल्या भगिनींपैकी कुणीतरी मनात म्हणालीच असेल : त्या टेबलावर चहा कुणी आणून ठेवला? बरोबर विचारलेत. एका माणसाची एकाग्रता बहुतेक वेळा दुसऱ्या माणसाच्या गडबडीवर उभी असते, आणि ते दुसरे माणूस बहुतेक वेळा बाई असते. पाणी, चूल, शाळेचा डबा, सासऱ्यांचे औषध, बचत गटाचा हप्ता, म्हशीची पेंड. ‘कमी कामे करा’ हा सल्ला तिला देऊन पाहा, ती हसेल. न्यायमूर्ती रानड्यांच्या घरातसुद्धा त्यांच्या पत्नी रमाबाईंना इंग्रजी शिकताना घरातल्या बायकांचे टोमणे सोसावे लागले, हे त्यांनीच आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. तेव्हा आज जो पुरुष इथून उठून ‘आता मी एकाच कामावर लक्ष देणार’ असे ठरवेल, त्याने आधी घरातले कोणते काम स्वतःच्या अंगावर घेणार ते ठरवावे. नाहीतर त्याचे ध्येय आणि तिची कंबर, असा हिशेब होतो.

थोडे तरुणांशी बोलतो. पहाटे गडहिंग्लज रस्त्याला धावणारी पोरे मला दिसतात. भरतीची तयारी. त्या पोरांविषयी मला आदर आहे, कारण त्यांना अंतर ठाऊक आहे, वेळ ठाऊक आहे. काळजी वाटते ती अभ्यासिकेतल्या काही जणांची. तलाठ्याचा फॉर्म, पोलिसाचा फॉर्म, रेल्वेचा फॉर्म, वनरक्षकाचा फॉर्म, राज्यसेवेचा फॉर्म. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले होते. एवढ्या गर्दीत सगळीकडे थोडे थोडे उभे राहणाऱ्याला कुठेच जागा मिळत नाही. दिवसाचे दहा तास खुर्चीत जातात, त्यांतले निम्मे कुणाचा कटऑफ किती लागला हे बघण्यात. घरी आईबाप सांगतात, पोरगा रात्रंदिवस अभ्यास करतोय. पोरांनो, वयाची तिशी ओलांडण्याआधी कुणीतरी तुम्हाला विचारायला हवे, आणि दुसरे कुणी विचारत नाही म्हणून मी विचारतो : किती प्रयत्न करणार, आणि नाही जमले तर काय करणार? दोन्ही उत्तरे वहीच्या पहिल्या पानावर लिहा. ते पान आईबापांना दाखवा. त्यांना वाईट वाटेल, तुम्हाला हलके वाटेल.

आणि गावाला एक विनंती. नेसरीने वर्षभरासाठी एकच काम ठरवावे. कोणते, ते मी सांगणार नाही. बाहेरच्या माणसाने सांगितलेले काम कुणी शेवटाला नेत नाही. वाचनालय संध्याकाळी नियमाने उघडे राहणे असेल, ओढ्याची साफसफाई असेल, दहावीत नापास झालेल्या पोरांना पुन्हा परीक्षेला बसवणे असेल. ते ठरवताना, त्याच्यासाठी कोणते तीन कार्यक्रम बंद करायचे हेही त्याच बैठकीत ठरवा, नाहीतर ते चौथे होईल आणि पाचव्याच्या गर्दीत हरवेल. शाळेतल्या गुरुजींना त्या कामात ओढू नका, त्यांना त्यांचे काम आहे. सत्कार कमी करा. सुरुवात माझ्यापासून करायला हरकत नव्हती, पण हार आधीच गळ्यात पडला. आणि पुढच्या वर्षी या व्यासपीठावर बाहेरचा वक्ता बोलावू नका. गावाने काय सोडले, काय धरले आणि ते कुठवर गेले, हे सांगणारा किंवा सांगणारी नेसरीचीच असू द्या. मी समोर बसून ऐकायला येईन.